गिरधर सरांची हाऊजी

पळसखेडीच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या गिरधर सरांच्या तोंडातून कोणतंही वाक्य ‘समजा’ला सोबत घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे. फळ्यासमोर ते शोभायचं. समजा एका हौदाला दोन नळ आहेत, समजा एका शेताची लांबी क्ष आहे, इथवर कोणाची तक्रार नव्हती. पण सर किराणा दुकानातही तेच करत. ‘समजा मला अर्धा किलो गूळ पाहिजे,’ असं म्हणून ते उभे राहत, आणि दुकानदार तोताराम तागडीला हात न लावता त्यांच्याकडे बघत बसे. माणसाला गूळ खरंच पाहिजे की नुसता समजायचा आहे, हे त्याला कळत नसे.

घरी जेवताना सर म्हणायचे, ‘समजा वरणात मीठ नाही.’ मंदाबाई साक्रीकडच्या, आठवडे बाजारात घासाघीस शिकून वाढलेल्या. त्या ताटाकडे न बघता म्हणायच्या, ‘समजू कशाले? नहीच शे.’ आणि मीठ मात्र आणून देत नसत, कारण मीठ कोणी मागितलेलंच नव्हतं.

सरांच्या खिशाला लाल आणि निळी अशी दोन पेनं असत. लाल पेनाचं टोपण कुठे तरी हरवलेलं, त्यामुळे काळजाच्या जरा खाली, शर्टावर, एक लाल डाग कायम. नवे विद्यार्थी तो डाग पाहून पहिल्या दिवशी हळहळत. दुसऱ्या दिवशी चाचणीचे गुण हातात पडले की हळहळ थांबत असे.

आता त्या गावातल्या कॉपीबद्दल सांगायला हवं. पळसखेडीत कॉपी हा गुन्हा नव्हता, शेजारधर्म होता. गावात एका घरी ताक घुसळलं की आळीभर लोटे फिरतात. ज्याच्याकडे म्हैस आहे त्याने ताकाला नाही म्हणायचं नसतं. तसं दहावीच्या वर्गात गणिताची म्हैस एकट्या प्रमिलाकडे होती. लोटन पाटलाची ही मुलगी प्रश्न ओठांतल्या ओठांत दोनदा वाचायची, मग सोडवायची, आणि तिचं उत्तर बाकावरून बाकावर असं वर्गभर जायचं. सहामाहीला ती घाईत एका ठिकाणी हातचा विसरली. अख्खा वर्ग हातचा विसरला. त्या दिवशी वर्गातला वना गैरहजर होता, मामाच्या गावी लग्नाला गेला होता. त्याच्या नावाच्या पेपरातही हातचा विसरलेला निघाला. चुलतभावाने घरच्यासारखं समजून त्याचाही पेपर लिहून दिला होता.

सरांनी वर्गाला विचारलं की समजा तुम्ही सगळे वेगवेगळे सोडवता, तर चूक एकच कशी. वर्ग बराच वेळ विचारात पडला. शेवटी वनाच उठून म्हणाला, ‘सर, तुम्हीनच एकसारखं शिकाडं ना.’

हे सरांच्या मनाला फार लागलं.

लागण्याचं आणखी एक कारण होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र गावातच होतं. भूमितीच्या पेपरला एका उमेदवाराचे काका उत्तरं घेऊन शाळेच्या पत्र्यावर चढले. पत्रा जुना, काका जेवून आलेले. ते उत्तरांसकट थेट पर्यवेक्षकांच्या टेबलावर येऊन बसले. पर्यवेक्षकांनी त्यांना पाणी दिलं आणि केंद्र काढून घेतलं. तेव्हापासून परीक्षा भडगावला. मुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गाणी म्हणत जायची, आणि मुलींचे बाप म्हणायचे, ट्रॉलीत पोरगी बसवायची नाही. गेल्या वर्षी वर्गातली एकही मुलगी परीक्षेला बसली नव्हती.

लोटन पाटलाने तर सहामाहीनंतर शाळेत येऊनच सांगितलं होतं. गावात केंद्र आलं तर प्रमिला बसेल. नाही आलं तर पारोळ्याकडचं एक स्थळ आहे, मुलाची स्वतःची मोटार आहे. मोटार म्हणजे विहिरीवरची, हे नंतर कळलं, पण त्याने काही बिघडत नव्हतं.

गिरधर सरांची एवढ्या वर्षांची नोकरी झाली, पण स्वतःच्या डोक्याने गणित करणारं एकच लेकरू त्यांच्या वाट्याला आलं होतं. त्या लेकराचा एक पेपर तरी बोर्डापर्यंत पोहोचावा, बाकी त्यांचं आयुष्याकडे काही मागणं नव्हतं.

मुख्याध्यापक धनसिंग सरांनाही केंद्र हवं होतं, पण ते शाळेच्या इभ्रतीसाठी. धनसिंग सरांचं बोलणं ‘या ठिकाणी’वर चाले. प्रार्थनेनंतर ते उभे राहत आणि म्हणत, या ठिकाणी मी आपणास या ठिकाणी एवढंच सांगू इच्छितो की केंद्राचा प्रश्न जो आहे तो या ठिकाणी कॉपीचा प्रश्न आहे. मुलं मागच्या रांगेत बोटांवर ‘या ठिकाणी’ मोजत. ज्याची मोजणी चुके त्याने मधल्या सुट्टीत बोरं द्यायची. बोरांच्या हंगामात शाळेत एवढं एकच गणित प्रामाणिकपणे होत असे.

तर सरांनी ठरवलं की उत्तर वाटायची सोयच ठेवायची नाही. प्रश्न सगळ्यांना एक, आकडे मात्र प्रत्येकाला वेगळे. प्रती काढायला त्यांनी सायक्लोस्टाइलची एक स्टेन्सिल कापली. त्यावर गणित असं: ‘एका शेतातला कापूस ▢ मजूर ▢ दिवसांत वेचतात, तर तोच कापूस ▢ दिवसांत वेचायला किती मजूर लागतील?’ तीन रिकामी खोकी. खोक्यांत आकडे हाताने भरायचे, लाल पेनाने, प्रत्येक कागदावर निराळे.

आकडे कुठून आणायचे हा प्रश्न आला. सर आपल्या मनाने आकडे भरू लागले तर चौथ्या कागदापासून सगळीकडे बारा, आठ आणि सोळाच यायला लागले. मास्तरांच्या डोक्यात तेवढेच आकडे राहतात. मग त्यांना मेव्हण्याची आठवण झाली. हिलाल हा मंदाबाईंचा भाऊ, बहिणीकडे चार दिवसांसाठी आलेला आणि तिसऱ्या वर्षीही चार दिवसांसाठीच राहिलेला. गणपती मंडळाचा तो अध्यक्ष होता आणि मंडळाच्या हाऊजीच्या सोंगट्यांची थैली त्याच्या उशाखाली असायची. एक ते नव्वद आकड्यांच्या लाकडी सोंगट्या. सदतीस नंबर गणपतीतच हरवलेला, म्हणून त्या वर्गाला सदतीस हा आकडा शेवटपर्यंत भेटला नाही.

हिलाल थैली द्यायला तयार झाला, पण आकडा ओरडायचा मान आपलाच, ही अट घातली. पुढे बरेच दिवस सरांच्या ओसरीवर संध्याकाळी हेच चाले. मंदाबाई शेंगा फोडता फोडता थैलीत हात घालून सोंगटी काढत, हिलाल मंडळाच्या आवाजात ‘दोन बदकं, बावीस’ असं ओरडे, आणि सर खोक्यात बावीस भरत. शेजारच्यांना वाटलं, मास्तरांनी घरी हाऊजीचा धंदा सुरू केला. दोघं-तिघं तिकीट घ्यायलाही येऊन गेले.

पहिल्या चाचणीत वर्गाची दांडी उडाली. नेहमीप्रमाणे प्रमिलाचं उत्तर वर्गभर फिरलं आणि प्रमिला सोडून सगळ्यांना भोपळा मिळाला. पण सरांचीही गंमत झाली. थैलीला शेतीची काही माहिती नव्हती. कोणाच्या कागदावर कापूस वेचायला सत्त्याऐंशी मजूर आले. एवढे मजूर पोळ्याच्या मिरवणुकीतही गावात दिसत नाहीत. चिंध्याच्या कागदावर सात मजूर, चार दिवस, आणि मग आठ दिवस आले. उत्तर साडेतीन मजूर. चिंधा सुट्ट्यांत केळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून जायचा, माणसांचा हिशोब त्याला ठाऊक होता. अर्धा मजूर कसा असतो यावर त्याने विचार केला आणि उत्तर लिहिलं: ‘तीन मजूर आणि एक हिलालमामा.’

सरांनी उत्तर बरोबर धरलं. हिलालने दोन दिवस भावजींशी अबोला धरला, जेवण मात्र धरून ठेवलं.

मग सर शहाणे झाले. मजुरांची थैली वेगळी केली आणि तिच्यात वीसच्या वरची सोंगटी ठेवली नाही. दिवसांची थैली वेगळी. तीन आकडे आले की आधी गुणून-भागून बघायचं. मजूर अर्धा निघाला तर शेवटची सोंगटी परत टाकून दुसरी काढायची. भागाकार करायला हिलालने सुरतेहून आणलेला कॅल्क्युलेटर होता, त्याचं पाचाचं बटण दाताने दाबावं लागे. सर असे तासन्‌तास बसत. समजा नऊ मजूर, समजा आठ दिवस, समजा सहा. मंदाबाई एकदा म्हणाल्या की एवढे मजूर खरे असते तर आपल्या बापाचा कापूस दिवाळीआधी घरात आला असता.

वर्ग मात्र सरांच्या पुढे गेला, आणि तो वनाच्या अकलेने. वनाने दुसऱ्या चाचणीला प्रमिलाचं उत्तर न उचलता तिचा कागद नीट पाहिला. तिने कुठला आकडा कशाने गुणला आणि कशाने भागला तेवढंच बघितलं, आणि ते आपल्या आकड्यांवर चालवलं. दहापैकी दहा. वना थोर माणूस. त्याने ज्ञान स्वतःजवळ ठेवलं नाही. मधल्या सुट्टीत चिंचेखाली त्याने सगळ्यांना एक मंत्र दिला:

‘पहिला गुणे दुसरा, भागिले तिसरा, बाकी बठ्ठं विसरा.’

बाकी बठ्ठं म्हणजे मजूर, कापूस, दिवस, प्रश्न. कोणी प्रश्न वाचेनासं झालं. कागद हातात आला की डोळे सरळ लाल खोक्यांवर. तिसऱ्या चाचणीत अख्खा वर्ग पास झाला. गुरं राखायला जाताना पोरं हा मंत्र आरतीच्या चालीवर म्हणायची. धाकटी भावंडं, जी अजून पहिलीतही गेली नव्हती, त्यांनाही तो पाठ झाला. प्रमिला तेवढी अजूनही प्रश्न दोनदा वाचायची. ती सवय होती, आणि तिला आता कोणी काही विचारत नव्हतं.

सरांना हे कळत नव्हतं असं नाही. तो मंत्र त्यांनी स्वतः ओढ्याच्या वाटेवर ऐकला होता, टाळ्यांसकट. त्यांना इतकंच करायचं होतं की खोक्यांचा क्रम बदलायचा, प्रश्न उलटा फिरवायचा. पण त्यासाठी नवी स्टेन्सिल कापावी लागली असती, आणि पहिली अजून फाटली नव्हती. खानदेशात फाटली नसलेली वस्तू बदलायची रीत नाही. शिवाय निकाल असा लागत होता की धनसिंग सर त्यांना ऑफिसात चहाला बोलवू लागले होते. सरांनी स्वतःची समजूत घातली. समजा मुलांना रीत कळली. रीत कळली म्हणजे गणित कळलं. ‘समजा’चा असा उपयोग त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच केला.

धनसिंग सरांनी वर कळवलं की या ठिकाणी कॉपी संपूर्णपणे नष्ट झालेली आहे. वरून निरोप आला की साहेब येऊन पाहतील, आणि त्यांना पटलं तर मार्चचं केंद्र पळसखेडीला परत.

साहेब आले ते राजदूत मोटारसायकलवर, डोक्याला मफलर, डोळ्याला काळा चष्मा. नाव नथ्थू भारंबे, गाव रावेरकडचं, आणि रावेर सोडून जगात जे काही होतं ते त्यांना रावेरपेक्षा कमी वाटायचं. चहा घेतला, म्हणाले, रावेरला दूध घट्ट असतं. मैदान पाहिलं, म्हणाले, रावेरला याहून मोठी खळी असतात. धनसिंग सर प्रत्येक वेळी, हो साहेब, या ठिकाणी तसं नाही, असं म्हणत राहिले.

मग गिरधर सरांनी थैल्या आणि कोरे कागद दाखवले. साहेबांना सोंगट्या फार आवडल्या. त्यांनी दोन-चार हातात खेळवल्या. पण गणित वाचून त्यांचं तोंड आंबट झालं. म्हणाले, ‘कापूस काय? कापूस कुठेही होतो. केळीचं घाला.’

सरांनी सांगितलं की स्टेन्सिल कापसाची आहे. साहेब म्हणाले की फळा आहे ना. आणि त्यांनी स्वतः खडू घेऊन फळ्यावर लिहिलं: ‘▢ ट्रकांत ▢ शेकडा केळीचे घड मावतात, तर ▢ ट्रकांत किती शेकडा घड मावतील?’

गिरधर सरांनी फळ्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात मंत्र लावून बघितला. कापसाच्या गणितात दिवस वाढले की मजूर घटायचे, म्हणून तिसऱ्याने भागायचं. केळीच्या गणितात ट्रक वाढले की घड वाढणार. इथे तिसऱ्याने गुणायला हवं आणि पहिल्याने भागायला. खोकी तीनच होती, पण मंत्र उलटा पडत होता. सर बोलायला उठणार तोच साहेबांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. विषयाचा शिक्षक वर्गात नको, रावेरला नसतो.

साहेबांनी सगळ्या सोंगट्या एकाच थैलीत ओतल्या, वर्गात फिरून प्रत्येकासाठी स्वतः तीन-तीन काढल्या आणि परत टाकल्या. पूर्णांक येतो की अपूर्णांक, याची त्यांना पर्वा नव्हती. सर खिडकीतून दिसेल तेवढ्या वर्गाकडे बघत राहिले. सगळ्यांचे ओठ एका लयीत हलत होते, मागे कोणी तरी पायाने ठेकाही धरला होता. प्रमिलाचे ओठ वेगळे हलत होते. ती वाचत होती. आणि मागच्या बाकावर चिंधा फळ्याकडे बघून एकटाच गालात हसत होता.

कागद गोळा झाले. साहेबांनी उत्तरं तपासण्यासाठी खुर्ची ओढली. तपासण्याची त्यांची पद्धत गिरधर सरांनी पाहिली आणि त्यांना आधी आपले डोळे खोटे वाटले. साहेब एकही गणित करत नव्हते. ते फक्त उत्तरांचे आकडे एकमेकांशी लावून बघत होते. वनाच्या कागदावर आठ ट्रकांत अठ्ठेचाळीस शेकडा घड होते, आणि सोळा ट्रकांत त्याने चोवीस शेकडा लिहिले होते. ट्रक दुप्पट झाले, केळी निम्मी झाली. बाकीची बहुधा वाटेत खाल्ली. साहेबांनी चोवीस वाचलं, मान डोलावली आणि पुढे गेले. एकाने उत्तर लिहिलं होतं शून्य दशांश नऊ. मान डोलावली. पुढे एकाचे घड ट्रकपेक्षा कमी भरले होते. मान डोलावली. एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळत नव्हतं, आणि साहेबांना तेवढंच बघायचं होतं.

‘वा,’ साहेब धनसिंग सरांना म्हणाले. ‘प्रत्येकाचं डोकं वेगळं. केंद्र द्यायला हरकत नाही.’

धनसिंग सरांनी, या ठिकाणी आम्ही कृतार्थ झालो, असं म्हणायला श्वास घेतला. तो श्वास तसाच राहिला. शेवटचे कागद उलटताना साहेबांचा हात थांबला होता.

दोन कागदांवर सत्तर होतं. एक प्रमिलाचा, एक चिंध्याचा.

साहेबांनी दोघांना उभं केलं. ती दाराजवळच्या पहिल्या बाकावर, तो मागच्या भिंतीला टेकलेला. मध्ये अख्खा वर्ग. धनसिंग सरांनी चाचरत सांगितलं की या ठिकाणी अंतर फार आहे. साहेबांना त्यात दिलासा दिसला नाही, उलट गुन्हा मोठा दिसला. शेजारी बसून कोणीही बघतं, ते म्हणाले. एवढ्या लांबून म्हणजे खुणा. पोरगी आणि पोरगा, खुणा. या दोघांची नावं काढून टाका, बाकी शाळा उत्तम आहे, केंद्र मिळेल.

वर्गात कोणी तरी खिदळलं. प्रमिलाने मान खाली घातली, आणि चिंध्याने पहिल्यांदाच हसायचं थांबवलं. गावाला एवढं पुरणार होतं. संध्याकाळपर्यंत ‘खुणा’ हा शब्द लोटन पाटलाच्या ओट्यावर पोहोचला असता, आणि पारोळ्याची मोटार दुसऱ्या दिवशी दारात आली असती.

बाकावर बसलेल्या गिरधर सरांना सगळं एकदम दिसलं. गप्प बसलं तर केंद्र मिळत होतं. ज्या पोरीसाठी केंद्र हवं होतं, तीच तेवढी जात होती. आणि बोललं तर त्या दोघांची उत्तरं बरोबर आहेत हे दाखवावं लागणार; म्हणजे बाकीच्यांची चूक आहेत हेही दिसणार, आणि ती का चुकली तेही.

सर आत आले. विषयशिक्षकाला आत यायला मनाई आहे याची साहेबांनी आठवण करून दिली. सरांनी खडू घेतला.

‘समजा,’ ते म्हणाले, आणि थांबले. वर्गाला वाटलं सर शब्द विसरले. ‘नाही, समजायचं काही नाही. ह्या दोघांचं बरोबर आहे.’

त्यांनी प्रमिलाचे आकडे मांडले. सहा ट्रक, बेचाळीस शेकडा. एका ट्रकात सात. दहा ट्रकांत सत्तर. शेजारी चिंध्याचे. नऊ ट्रक, पंचेचाळीस शेकडा. एका ट्रकात पाच. चौदा ट्रकांत सत्तर. आकडे वेगळे, वाट वेगळी, मुक्काम एक. सोंगट्या तुमच्याच हाताने निघाल्या साहेब, ते म्हणाले, खुणा केल्याच असतील तर तुमच्या हाताने केल्या.

साहेबांनी चष्मा काढला. फळ्याकडे बघितलं, मग हातातल्या गठ्ठ्याकडे. हळूच विचारलं, ‘मग हे बाकीचे?’

‘बाकीचे सगळे चुकले.’

‘सगळे?’

‘सगळे. पण त्यांच्या डोक्याने नाही चुकले. माझ्या डोक्याने. मी सहामाहीपासून एकच स्टेन्सिल वापरली.’

मागून वनाने हळूच विचारलं की सर, मग मंत्र खोटा शे का. सरांनी त्याला खाली बसायला सांगितलं. चिंध्याला साहेबांनी विचारलं, तुला कसं जमलं. चिंधा म्हणाला, ‘साहेब, ट्रक वाढनात आन केळी घटनी, असं जर मी मालकले सांगं, ते तो माले ट्रकखाले घाली.’

साहेब हसले नाहीत. धनसिंग सरांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या मिटल्या डोळ्यांसमोरून केंद्र ट्रॉलीत बसून भडगावला चाललं होतं. साहेबांनी मफलर पुन्हा गुंडाळला, किल्ली घेतली आणि उभ्या उभ्याच निर्णय सांगितला. ते कॉपी तपासायला आले होते. कॉपी कुठे आढळली नाही. जिथे वाटली होती तिथेही आता आढळत नाही. सबब केंद्र मंजूर.

गिरधर सरांना राहवलं नाही. ‘पण साहेब, उत्तरं चूक आहेत.’

‘गणित तपासायला वेगळे साहेब आहेत,’ भारंबे साहेब म्हणाले. ‘ते निकालानंतर येतात.’

आणि राजदूतला किक मारता मारता त्यांनी फाटकापाशी पोचवायला आलेल्या धनसिंग सरांना सांगितलं की घडांचं गणित मात्र चांगलं होतं, रावेरला घालायला हरकत नाही.

संध्याकाळी सर ओसरीवर नवी स्टेन्सिल कापत बसले होते. हिलाल थैली मागायला आला होता, गणपती अजून लांब असूनही. तेवढ्यात अंगणात लोटन पाटील उभा. टोपी हातात, तोंड घट्ट. मंदाबाईंनी पाट दिला, तो बसला नाही. गावात काहीबाही बोललं जातंय, तो म्हणाला. मनी आंडेर प्रमिला आन तो क्लीनर, दोन्हीसनं उत्तर एकच निघनं म्हणे.

सरांनी हो म्हटलं. लोटनचं तोंड आणखी घट्ट झालं.

‘दोघांचंच बरोबर निघालं,’ सर म्हणाले. ‘बाकी सगळ्यांचं चूक.’

लोटनने हे आतल्या आत दोनदा फिरवून पाहिलं, पोरीने ती सवय कुठून उचलली ते सरांना तेव्हा कळलं. मग त्याने एकेक घर मोजायला सुरुवात केली. चेअरमनचा पोरगा? चूक. सरपंचाचा पुतण्या? चूक. तोताराम वाण्याची जुळी? दोघांची चूक, आणि वेगवेगळी.

‘म्हणजे बठ्ठा गाव चुकना, आन मनी आंडेर बरोबर.’

‘हो.’

लोटन पाटाकडे वळला आणि बसला. चहा आला, तो प्याला, बशी पालथी घातली. जाताना पायरीवर थांबून म्हणाला की केंद्राचं काय ते होऊ द्या, पुन्हा कोणाचा काका पत्र्यावरून पडेलच. पडला तर तो स्वतः प्रमिलाला भडगावला घेऊन जाईल, सायकलवर, आणि पेपर होईपर्यंत फाटकाशी बसेल. पारोळेवाल्यांना मोटार दुसऱ्या कुठल्या विहिरीवर लावायला सांगतो.

तो गेल्यावर सरांनी स्टेन्सिल पुढे ओढली. आता गणितात खोकी चार होती, क्रम उलटासुलटा, आणि एक खोकं असं की त्यातला आकडा कुठेच लागत नव्हता. हिलालने विचारलं की मग ते कशाला. वाचून बघायला, सर म्हणाले.

‘समजा मला चहा पाहिजे,’ ते पुढे म्हणाले.

मंदाबाईंनी थैलीत हात घातला, एक सोंगटी काढली आणि हिलालकडे टाकली. हिलालने ती उजेडात धरली आणि मंडळाच्या आवाजात ओरडला, ‘एकटा जीव, एक.’

‘मग एकच कप,’ मंदाबाई म्हणाल्या, आणि उठल्या.